लाकडातली हवा आणि निर्वात पंप

पावसाळा लागला की नवापूरच्या जुन्या घरांतील दारे चौकटीत अडकू लागतात. आषाढात खांदा लावल्याशिवाय न उघडणारे दार दिवाळीनंतर वाऱ्याच्या झुळकीनेही हलू लागते. नवापूर म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील नव्हे. बोईसरच्या पश्चिमेला, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे समुद्राला टेकलेले पालघर तालुक्यातील गाव. सुरूच्या बनाचा आणि मच्छीमारीचा हा किनारा. येथील दाराला जे होते तेच येथे कातलेल्या लाकडी वाडग्याला, फुलदाणीला किंवा पेनाच्या नळीला होते. फरक इतकाच, की दार रंधा मारून सरळ करता येते; कातीव वस्तू एकदा लंबगोल झाली की झाली.

लाकूड तोडल्यानंतरही हवेशी देवाणघेवाण करीत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी धरून ठेवते. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण १७-१८ टक्क्यांवर पोहोचते. हे पाणी पेशींच्या भिंतींत शिरते आणि भिंती फुगतात. त्यातही लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, गाभ्याकडून सालीकडे थोडे फुगते आणि वार्षिक वलयांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट फुगते. दोन दिशांतील या तफावतीमुळेच गोल वस्तू लंबगोल होते. कातारी मंडळींनी यावर पूर्वापार एकच उपाय केला : लाकूड वर्षानुवर्षे सुकवायचे आणि मगच लेथवर चढवायचे.

गेल्या काही दशकांत लाकूड कातणाऱ्या हौशी आणि व्यावसायिक कारागिरांच्या कार्यशाळेत एक नवे यंत्र आले आहे. ते म्हणजे निर्वात पंप. बोईसर परिसरात या यंत्राचे कोणाला नवल वाटण्याचे कारण नाही. रासायनिक कारखान्यांत द्रावक कमी तापमानाला उकळवून काढण्यासाठी, औषधांची भुकटी सुकवण्यासाठी निर्वात पंप लागतात. रेफ्रिजरेटर आणि एअर कंडिशनर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकच्या पिशवीतही लहानसा पंप असतोच. गॅस भरण्याआधी नळ्यांतील हवा आणि बाष्प तो काढून घेतो. लाकूडकामात या पंपाचे दोन उपयोग होतात. एक म्हणजे वस्तू लेथवर पकडून ठेवणे. दुसरा म्हणजे मऊ, सच्छिद्र लाकडात राळ भरून ते कठीण आणि स्थिर करणे. दोन्ही उपयोगांविषयी एक गैरसमज मात्र हटकून आढळतो, आणि बहुतेक फसलेल्या प्रयोगांचे मूळ त्यातच असते.

पंप ओढत नाही

गैरसमज असा, की पंप वस्तूला ‘ओढून’ धरतो किंवा राळ लाकडात ‘खेचून’ घेतो. वास्तविक निर्वाताला ओढण्याची शक्तीच नाही. आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो, आणि समुद्रसपाटीवर ही हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतका दाब देत असते. तो चहूबाजूंनी सारखा असल्याने जाणवत नाही. पंप एका बाजूची हवा काढून टाकतो, एवढेच त्याचे काम. उरलेले काम दुसऱ्या बाजूची हवा करते. सतराव्या शतकाच्या मध्यात ऑटो फॉन गेरिक या जर्मन गृहस्थाने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. तेथेही अर्धगोलांना कोणी आतून धरून ठेवलेले नव्हते. बाहेरची हवाच त्यांना एकमेकांवर दाबत होती.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. हवाच काम करीत असल्याने त्या कामाला हवेच्या दाबाची मर्यादा पडते. नवापूरला, समुद्रसपाटीवर, वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे तो ७१०च्या आसपास भरतो. महाबळेश्वरला तर साधारण ६४५. म्हणजे महाबळेश्वरच्या कारागिराच्या गेजचा काटा ६४० वर थांबला तर त्याचा पंप उत्तम चालला आहे, आणि तोच काटा नवापूरला ६४० वर थांबला तर कोठेतरी गळती आहे किंवा पंप थकला आहे. परदेशी पुस्तकांत ‘२९ इंच आलेच पाहिजे’ असे वाचून घाटावरच्या एखाद्या हौशी कारागिराने पंप बदलत बसावे, यात पंपाचा काही दोष नाही.

दीडशे किलोची पकड

लेथवर वाडगा कातताना शेवटी एक अडचण येते. आतली आणि बाहेरची बाजू कातून झाली, पण ज्या बुडख्याला चकने पकडले होते तो कापायचा कसा? तेथे जबड्यांच्या खुणा असतात, स्क्रूची भोके असतात. पूर्वी यासाठी लाकडाचा साचा करून त्यात वाडगा ठोकून बसवीत. निर्वात चकमध्ये वाडग्याचे तोंड रबरी कडा असलेल्या पोकळ दंडगोलावर टेकवतात आणि लेथच्या पोकळ दांड्यातून, फिरत्या सांध्यामार्फत, आतली हवा काढून घेतात. बाहेरची हवा वाडग्याला दंडगोलावर दाबून धरते. एकही खूण न उमटता बूड मोकळे मिळते.

ही पकड किती असते? रबरी कडेचा व्यास १५ सेंटिमीटर असेल तर आतले क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर भरते. पंपाने पाच-षष्ठांश हवा काढली, तर वाडग्यावर दीडशे किलोचे वजन ठेवल्यासारखे होते. व्यास ७.५ सेंटिमीटर केला की क्षेत्रफळ चौपटीने घटते आणि पकड अडतीस किलोंवर येते. त्यामुळे लहान वस्तूंना निर्वात चक फारसा उपयोगी पडत नाही आणि मोठ्या, पातळ वस्तूंना तो घातक ठरू शकतो. दोन मिलिमीटर जाडीच्या वाडग्यावर दीडशे किलो टाकले तर तो आत दबून फुटणारच. यासाठी नळीवर एक लहान कॉक बसवलेला असतो. तो थोडा उघडून मुद्दाम हवा आत येऊ द्यायची आणि पकड कमी करायची.

येथे पंपाच्या निवडीचा प्रश्न येतो. लाकूड गळते. आंब्याच्या किंवा सागाच्या वाडग्याच्या भिंतीतून हवा सतत आत झिरपत राहते, कारण झाडाला पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या अजून उघड्या असतात. म्हणून चकसाठी खोल निर्वात करणारा पंप नको. भरपूर हवा उपसणारा पंप हवा. मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास हवा काढणारा, तेलाविना चालणारा कार्बनच्या पात्यांचा पंप या कामाला योग्य समजला जातो. एअर कंडिशनरच्या मेकॅनिकचा तेलाचा पंप बंदिस्त नळ्या रिकाम्या करण्यासाठी घडवलेला असतो. त्याला तासन्‌तास गळत्या लाकडावर चालवले तर तो तापतो आणि खोलीत तेलाचे धुके सोडत राहतो.

गळती किती आहे हे जोखण्याची रीत साधी आहे. चकच्या तोंडावर प्रथम काचेसारखी गुळगुळीत तबकडी लावून गेजचा आकडा पाहायचा, मग वाडगा लावून पाहायचा. दोहोंतला फरक म्हणजे लाकडाची गळती. ती फार असेल तर वाडग्यावर लाखेच्या पॉलिशचा एक हात मारला तरी छिद्रे बुजतात. चन्नपट्टणचे खेळणीवाले फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने ती वितळवतात आणि केवड्याच्या पानाने तिला झळाळी आणतात. आपल्या सावंतवाडीच्या रंगीत लाकडी वस्तूंची ख्यातीही लाखकामावरच उभी राहिली. लाखेचा हा थर शोभेइतकाच छिद्रे बुजवण्याच्याही उपयोगी आहे.

आणि वीज? पालघर पट्ट्यात पावसाळी दिवसांत ती कधी जाईल याचा भरवसा नाही. वीज गेली की लेथची मोटर थांबते, पण जड वाडगा काही सेकंद आपल्याच वेगात फिरत राहतो. याच काही सेकंदांत पंपही बंद असतो आणि लाकूड गळत असते. पकड सुटली तर वाडगा समोरच्याच्या तोंडावर येऊ शकतो. त्यामुळे पंप आणि चक यांच्यामध्ये एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप आणि एक रिकामी टाकी असणे अत्यावश्यक. टाकीतला निर्वात तेवढ्या सेकंदांपुरता पंपाचे काम करतो. शिवाय शक्य होईल तोवर लेथच्या मागच्या टोकाचा आधार काढायचाच नाही. चेहऱ्यावर संपूर्ण झाकणारा मुखवटा हवा. नुसता चष्मा पुरत नाही.

लाकूड मुळात किती रिकामे?

दुसरा उपयोग अधिक आकर्षक आहे आणि त्याविषयीच्या समजुतीही अधिक. किडलेले, बुरशीने पोखरलेले, रेघारेघांचे सुंदर लाकूड कातता येत नाही. पटाशी लागताच त्याचा भुगा होतो. अशा लाकडात पातळ राळ भरून ती आतच कठीण केली, तर ते लाकूड दगडासारखे कातता येते आणि पावसाळ्यात फारसे फुगतही नाही. चाकूच्या मुठी, पेन, बुद्धिबळाच्या सोंगट्या अशा लाकडाच्या बनतात.

किती राळ मावेल, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. कोणत्याही झाडाच्या पेशींची भिंत जवळपास एकाच घनतेची असते : घन सेंटिमीटरला दीड ग्रॅम. हलके लाकूड आणि जड लाकूड यांत फरक असतो तो पोकळीचा. पांगाऱ्याचा एक लिटर आकारमानाचा कोरडा ठोकळा तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तीनशेला दीडने भागले की दोनशे. म्हणजे त्या ठोकळ्यात दोनशे घन सेंटिमीटर लाकूड आणि आठशे घन सेंटिमीटर नुसती हवा. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पांगारा वापरला जाई, तो याच हलकेपणामुळे. सहाशे ग्रॅम भरणाऱ्या आंब्याच्या ठोकळ्यात साठ टक्के पोकळी. आणि चिकू? त्याचे लाकूड जवळपास पाण्याइतके जड. त्यात एक-तृतीयांशच पोकळी, आणि तीही गाभ्यात बरीचशी बुजलेली.

या हिशेबाचा पालघर जिल्ह्याला थेट उपयोग आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते फळाला. लाकडाची दखल सहसा कोणी घेत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे सरकले, तेव्हा या जिल्ह्यात झाडे उन्मळून पडली, बागांचे नुकसान झाले. अशा वेळी पडलेल्या फळझाडाला जळाऊ लाकडाचा भाव येतो. वस्तुतः चिकूचे लाकूड असे आहे, की ग्वाटेमालातील टिकाल येथील माया देवळांच्या दारांवर त्याच्या तुळया हजार वर्षांहून अधिक काळ तग धरून राहिल्या. या लाकडाला राळ पाजण्याची गरज नाही, आणि पाजू म्हटले तरी ते पीत नाही. निर्वात टाकीत चिकूचा गाभा ठेवून दोन दिवस बुडबुड्यांकडे पाहत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. शिसवीचीही तीच गत. तिच्या अंगचे तेलकट पदार्थ राळेला घट्टच होऊ देत नाहीत.

नवापूरच्या सुरूचा प्रश्न आणखी निराळा. ते लाकूड जड, कणखर, पण सुकताना जागोजाग चिरते. राळ भरण्यासाठी आधी लाकूड पूर्ण सुकवावे लागते, आणि सुरू तर सुकतानाच हातचे जाते. तेथे पंप उपयोगाचा नाही. ओल्या लाकडासाठी वेगळी वाट आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा पाण्यात विरघळणारा मेणासारखा पदार्थ ओल्या लाकडात हळूहळू मुरवतात. तो पाण्याची जागा घेतो आणि भिंतींना आकसू देत नाही. स्वीडनमध्ये १९६१ साली समुद्रतळातून वर काढलेले ‘वासा’ हे जहाज याच पदार्थाचे फवारे सतरा वर्षे मारून वाचवले गेले. सुरूच्या वाडग्याला सतरा वर्षे लागणार नाहीत, पण महिन्यांची तयारी ठेवावी लागते.

तेव्हा राळेची गरज कोणाला? पांगारा, सावर, आंब्याचा पांढरा भाग, बुरशीने काळ्या रेघा ओढलेला कोणताही मऊ ओंडका. वखारीत जे लाकूड टाकाऊ ठरते, नेमके तेच.

बुडबुडे काय सांगतात

रीत अशी. ठोकळा भट्टीत १०३ अंश सेल्सिअसला ठेवून, पुन्हा पुन्हा वजन करून, वजन घटणे पूर्ण थांबेपर्यंत सुकवायचा. मग हवाबंद पिशवीत थंड करायचा. नंतर जाड भांड्यात राळेखाली वजन ठेवून बुडवायचा, कारण तो तरंगतो. झाकण लावून पंप सुरू केला की लाकडातली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. सुरुवातीला एवढा फेस येतो, की कॉक उघडमीट करून तो आवरावा लागतो. नाहीतर राळ पंपात शिरते आणि पंप कायमचा बंद पडतो. बुडबुडे थांबेपर्यंत पंप चालवायचा. लहान ठोकळ्याला काही तास, मोठ्याला एखादा दिवस.

बुडबुडे थांबले म्हणजे काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या क्षणापर्यंत लाकडात राळ फारच थोडी गेलेली असते. हवा बाहेर पडली, एवढेच. कॉक उघडून बाहेरची हवा भांड्यात आली की तिचा दाब राळेवर पडतो आणि राळ रिकाम्या पोकळ्यांत घुसू लागते. हेच खरे भरणे. ते सावकाश होते, आणि पंप जितका वेळ चालवला त्याच्या निदान दुप्पट वेळ ठोकळा राळेत बुडालेलाच ठेवावा लागतो. घाईने बाहेर काढलेला ठोकळा वरून काचेसारखा आणि आतून भुसभुशीत निघतो. दोष पंपाला दिला जातो.

निर्वात किती खोल हवा, याचेही गणित आहे. पंपाने ६३५ मिलिमीटरचा निर्वात केला तर पोकळीत सुमारे एक-षष्ठांश हवा उरते, आणि राळ भरल्यावर ती हवा दबून पोकळीचा एक-षष्ठांश भाग अडवून बसते. पाचशेच मिलिमीटर आले तर एक-तृतीयांश पोकळी रिकामी राहते. दोन टप्प्यांचा तेलाचा पंप एक मिलिमीटरपेक्षाही कमी दाब उरेपर्यंत हवा काढतो. म्हणून येथे मात्र मेकॅनिकचा तेलाचा पंपच योग्य. भांडे बंदिस्त असल्याने तो फार तापतही नाही. चकसाठी अयोग्य ठरलेला पंप राळेसाठी योग्य ठरतो, आणि चकचा पंप राळेसाठी तोकडा पडतो. एकाच पंपात दोन्ही कामे भागवू पाहणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

आता पाण्याकडे वळू, कारण फसलेल्या ठोकळ्यांचे सर्वात मोठे कारण तेच. दाब घटला की पाणी कमी तापमानाला उकळते, हे आपण शाळेत शिकलो. तीस अंश सेल्सिअसला पाणी उकळण्यासाठी उरलेला दाब ३२ मिलिमीटर असला की पुरे. म्हणजे नवापूरला गेजवर ७२८ दिसले की ओल्या लाकडातले पाणी खोलीच्या तापमानालाच उकळू लागते. बाहेरून दिसतात ते बुडबुडेच. कारागीर समजतो हवा निघते आहे. निघत असते ती वाफ, आणि ती दिवसचे दिवस निघत राहते. हे बाष्प पंपाच्या तेलात मिसळून तेल दुधासारखे पांढरे करते. वर पाण्याने भरलेल्या पेशींत राळेला जागाच नसते. येथील दमट हवेत ‘दोन वर्षे माळ्यावर सुकवलेले’ लाकूडही बारा टक्के पाणी बाळगून असते. त्याला सुके म्हणायचे ते सुताराच्या अर्थाने. भट्टी आणि वजनकाटा यांना पर्याय नाही. माझ्या मते पंपावर खर्च करण्याआधी चांगला वजनकाटा घ्यावा.

शेवटची पायरी म्हणजे राळ घट्ट करणे. या कामाची राळ मेथॅक्रिलेट जातीची असते. ती थंडीत पातळ राहते आणि ९० अंशांच्या वर तापली की काही मिनिटांत घट्ट होते. ठोकळे फॉइलमध्ये गुंडाळून भट्टीत ठेवतात, आणि गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचेपर्यंत काढत नाहीत. ही भट्टी स्वयंपाकाची नव्हे. त्यासाठी वेगळीच राखायची. भट्टीतून काढलेला गरम ठोकळा राळेच्या भांड्यात बुडवला, तर सगळी राळच घट्ट होऊ लागते. थंड करण्याची पायरी गाळायची नाही ती याकरिता.

कारखान्यातून लेथवर

हे तंत्र हौशी कारागिरांनी शोधलेले नाही. लाकडातली हवा काढून त्यात द्रव दाबाने भरण्याची पद्धत जॉन बेथेल या इंग्रज माणसाने १८३८ मध्ये पेटंट केली. रेल्वेचे लाकडी स्लीपर डांबरी तेल पाजून टिकवले जात ते त्याच पद्धतीने. या विद्येत एक भारतीय नावही आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधून काढले. निर्वात-दाब पद्धतीने लाकडात भरलेल्या या मिश्रणाने जगभरचे विजेचे खांब आणि कुंपणे वाळवीपासून वाचवली. पुढे आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी त्याचा उपयोग २००३ अखेर थांबला.

राळेचे तर तारापूरकरांना गंमत वाटावी असे नाते आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधनाला पैसा पुरवला. लाकडात निर्वाताने पातळ राळ भरायची आणि ती भट्टीत न तापवता किरणोत्सारी कोबाल्टच्या गॅमा किरणांनी घट्ट करायची, असा तो प्रयोग. अशा लाकडाच्या टणक फरशा बनल्या. इकडे तारापूरची अणुभट्टी १९६९ मध्ये वीज देऊ लागली, पण लाकडाला किरणे द्यायची गरज लवकरच संपली. उष्णतेने घट्ट होणाऱ्या राळा स्वस्त पडल्या. मोटारींच्या ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांतील सूक्ष्म छिद्रे बुजवायलाही याच जातीची राळ निर्वातात भरतात आणि नव्वद अंशांच्या पाण्यात घट्ट करतात. लाकूड कातणाऱ्यांनी ती तेथून उचलली.

भांडे, वाफा आणि समुद्र

औद्योगिक वसाहतीशेजारी राहण्याचा एक फायदा असा, की जुने पंप, गेज, पोलादी भांडी भंगारात मिळतात. तोटाही तोच. रसायनाचे रिकामे पिंप किंवा काचेची बरणी घेऊन निर्वात टाकी करण्याचा मोह होतो. पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हवेचा भार सुमारे पाचशे किलो पडतो. हा भार आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत. पिंप किंवा डबा आतला दाब सोसण्यासाठी बनवलेला असला तरी बाहेरचा भार सोसेलच असे नाही. पातळ पत्रा कागदासारखा चुरगळतो. काचेच्या बरणीला अदृश्य ओरखडा असला तरी ती फुटते आणि तुकडे आधी आत, मग सगळीकडे जातात. जाड बुडाचे पोलादी भांडे आणि दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे पारदर्शक ॲक्रिलिकचे झाकण ही रूढ जोडी आहे. झाकणावर बारीक तडे दिसले की ते टाकून द्यावे. राळेच्या वाफांनी प्लास्टिक ठिसूळ होते.

राळ कोणती, हेही महत्त्वाचे. मिथाइल मेथॅक्रिलेट हा कच्चा माल औद्योगिक वसाहतींत ऐकिवात असतो आणि नाव सारखे असल्याने ‘तेच ते’ असे वाटू शकते. तेच ते मुळीच नव्हे. ते द्रव्य दहा अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडते, आणि निर्वातात तर ते खोलीच्या तापमानालाच उकळते. पंपाच्या नळीतून त्याची ज्वालाग्राही वाफ खोलीत, मोटरच्या ठिणगीजवळ येते. फायबरग्लासच्या कामातली पॉलिएस्टर राळही त्यातील स्टायरीनमुळे या कामाला अयोग्य. लाकडासाठी म्हणून विकली जाणारी, सहजासहजी न उडणारी राळच घ्यावी. पंपाचे धुराडे खिडकीबाहेर काढावे. घट्ट झालेल्या लाकडाचा कातताना उडणारा भुसा प्लास्टिकचाच असतो; तो फुप्फुसात जाऊ नये म्हणून साधा रुमाल पुरत नाही, गाळणीचा मास्क लागतो.

उरलेल्या राळेचे काय करायचे, हा प्रश्न नवापुरात इतर ठिकाणांहून अधिक टोचतो. तारापूर औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी प्रक्रियेनंतर वाहिनीने याच गावाच्या समुद्रात सोडले जाते. त्या पाण्याविरुद्ध मच्छीमारांची तक्रार जुनी आहे आणि अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दादही मागितली होती. हौशी कारागिराची वाटीभर राळ त्यापुढे नगण्य, हे खरे. तरीही ती मोरीत ओतण्याचे कारण नाही, कारण तिची विल्हेवाट अगदी सोपी आहे. डब्यातल्या डब्यात, थोडी थोडी करून, तीच भट्टी वापरून ती तापवून घट्ट करायची. घट्ट झालेली राळ म्हणजे निरुपद्रवी प्लास्टिकचा गोळा. एकदम जास्त तापवू नये. घट्ट होताना ती स्वतःही उष्णता सोडते आणि मोठा साठा भडकू शकतो.

राळ भरलेले लाकूड जळणात टाकू नये, कुजवूही नये. ते कुजत नाही. जेवणाच्या ताटवाटीसाठी ते वापरावे का, याविषयी राळ बनवणाऱ्याचे लेखी सांगणे पाहावे आणि ते नसेल तर वापरू नये. वाडगा जेवणासाठीच हवा असेल तर चिकू, चिंच किंवा बाभळीचा गाभा घ्यावा आणि पंप फक्त चकवर चालवावा.

पडलेल्या झाडाचा ओंडका हाती आला तर पंप, राळ, चक हे सारे पुढचे. झाड कापल्या दिवशीच ओंडक्याच्या दोन्ही टोकांना वितळलेले मेण किंवा जाड रंग फासावा, कारण पाणी टोकांतून सर्वात वेगाने पळते आणि चिरा तेथूनच सुरू होतात. गाभ्याच्या मधोमध उभा कापून त्याचे दोन भाग करावेत, सावलीत विटांवर रचावेत, वर तारीख लिहावी आणि महिन्यातून एकदा एका तुकड्याचे वजन नोंदवावे. जूनमध्ये रचलेल्या ढिगाचे वजन काही आठवडे फार सावकाश घटेल. पाऊस उघडल्यावर ते वेगाने घटू लागेल.